१२ एप्रिल : जुळलेल्या, जुळवलेल्या आणि नुसत्याच चिकटलेल्या तारखा

जुनी_पानं (धागाकर्ती)

'आजचा दिनविशेष' छापाच्या याद्या एरवी माझ्या डोक्यात जातात. अमुक जन्मला, तमुक वारला, मध्येच एक लढाई, शेवटी कसलातरी जागतिक दिन. पण १२ एप्रिलची यादी वाचताना थबकले, कारण तिच्यातल्या काही नोंदींची एकमेकींशी चांगलीच ओळख निघाली. कुठे तारीख मुद्दाम गाठलेली दिसते, कुठे निव्वळ योगायोग आहे, तर कुठे योगायोगालाच लोकांनी मागाहून अर्थ चिकटवलाय. हे निवडून वेगळं करता येईल का, एवढ्यासाठी हा धागा. एक जोडी मी मांडते, पुढचं तुम्ही घाला.

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्जला विश्रांतीसाठी गेले होते. एलिझाबेथ शूमाटॉफ ही चित्रकार त्यांचं व्यक्तिचित्र काढत होती. दुपारी एकच्या सुमारास त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय असं सांगितलं आणि शुद्ध हरपली. साडेतीनच्या सुमारास मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले. चित्र अर्धंच राहिलं. युरोपातलं युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. संध्याकाळी ट्रुमन यांनी शपथ घेतली आणि त्याच संध्याकाळी युद्धमंत्री स्टिमसन यांनी त्यांच्या कानावर एका प्रचंड स्फोटक अस्त्राच्या प्रकल्पाबद्दल पहिल्यांदा काही घातलं. तपशीलवार माहिती ट्रुमनना मिळाली ती २५ एप्रिलला. म्हणजे उपाध्यक्षाला अणुबाँबची कल्पनाच नव्हती!

आता वॉर्म स्प्रिंग्जच का? १९२१ साली, वयाच्या ३९व्या वर्षी, रूझवेल्टचे पाय लुळे पडले. निदान झालं पोलिओचं. तिथल्या कोमट झऱ्यांत पोहल्यानं आराम पडतो म्हणून ते १९२४पासून जाऊ लागले, पुढे ती जागाच त्यांनी विकत घेतली. १९३८ साली त्यांनी पोलिओविरोधी संस्था उभी केली. लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवायची, अशी तिची वर्गणी. 'मार्च ऑफ डाइम्स' ते हेच. ते गेल्यावर १९४६पासून दहा सेंटच्या नाण्यावर त्यांचाच चेहरा आला.

याच नाण्यांच्या पैशावर जोनास सॉक या संशोधकाची पोलिओची लस तयार झाली. तिच्या चाचणीचा निकाल मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बरला जाहीर झाला, तो दिवस होता १२ एप्रिल १९५५. रूझवेल्टना जाऊन बरोब्बर दहा वर्षं.

आता बोला.

---

शंकेखोर

ही तर उघड उघड जुळवलेली. ज्या संस्थेनं पैसा ओतला तिचा प्रमुख बेसिल ओ'कॉनर हा रूझवेल्टचा वकिलीतला जुना भागीदार. निकाल कधी वाचायचा हे त्यांच्या हातात. पुण्यतिथी त्यांच्या लक्षात आली नसेल यावर माझा विश्वास नाही. त्यात निकाल वाचणारे थॉमस फ्रान्सिस म्हणजे सॉकचे गुरू! म्हणजे शिष्याची लस, गुरूचं परीक्षण, आणि दिवस संस्थापकाच्या पुण्यतिथीचा.

---

टाचणी

शंकेखोर, समारंभाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण परीक्षणावर त्यामुळे शिंतोडे उडवू नका. ती चाचणी आजही शिकवावी अशी होती. सुमारे १८ लाख मुलं! आणि गंमत म्हणजे एकाच चाचणीत दोन पद्धती होत्या, एक ढिली आणि एक कडक.

ढिली अशी : दुसरीतल्या ज्या मुलांच्या पालकांनी होकार दिला त्यांना लस द्यायची, पहिली-तिसरीतल्या मुलांना काहीच न देता नुसतं लक्ष ठेवायचं. कडक अशी : होकार दिलेल्या मुलांचेच चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला लस आणि दुसऱ्याला लस नसलेलं तसंच दिसणारं द्रावण. कुणाला काय टोचलंय ते ना मुलाला माहीत, ना डॉक्टरला. फ्रान्सिस कडक पद्धतीसाठी आग्रही होते.

त्यानं काय फरक पडतो? होकार देणारे पालक सरासरीनं जास्त शिकलेले, जास्त सुस्थितीतले. आणि पोलिओचा उलटा न्याय असा, की स्वच्छ घरातल्या मुलांना धोका जास्त. अस्वच्छ वस्तीत विषाणू अगदी तान्हेपणी गाठतो, तेव्हा आईकडून आलेली प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी द्रव्यं) अंगात असतात, त्यामुळे बहुतेकांचं सौम्य आजारावर निभावतं आणि जन्माची प्रतिकारशक्ती मिळते. स्वच्छ घरात तीच गाठ उशिरा पडते, तोवर आईची पुंजी संपलेली असते. म्हणजे ढिल्या पद्धतीत लस मिळालेली मुलं मुळातच जास्त धोक्यातली, आणि त्यांची तुलना सरसकट सगळ्यांशी. लसीचा गुण होता त्याहून कमी दिसला असता. कडक पद्धतीतल्या आकड्यांमुळेच पक्षाघाती पोलिओपासून ८० ते ९० टक्के संरक्षण मिळतं, असं ठामपणे सांगता आलं.

रूझवेल्टबद्दल आणखी एक. मार्च १९४४मध्ये हॉवर्ड ब्रुएन या हृदयरोगतज्ज्ञानं त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेलं होतं. शेवटच्या दुपारी तो ३००/१९०च्या वर गेला. आणि उपाय काय, तर मीठ कमी, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस हे औषध. रक्तदाबावरच्या थायझाइड गोळ्या १९५०च्या दशकाच्या शेवटी आल्या. त्या काळी बरेच डॉक्टर वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच असं मानत. १९४८ साली ट्रुमननी हृदयरोग संशोधनाच्या कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी फ्रेमिंगहॅमचा अभ्यास सुरू झाला, ज्यातून रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचं हृदयरोगाशी नातं उलगडलं. 'पोलिओ झालेला अध्यक्ष' म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचा जीव घेतला तो रक्तदाबानं.

---

जुनी_पानं

टाचणी, हे लिहिलंत ते फार छान केलंत. निकालाच्या रात्री दूरचित्रवाणीवर एडवर्ड मरो या पत्रकारानं सॉकला विचारलं, लसीचं पेटंट कुणाकडे? सॉक म्हणाला, लोकांकडे म्हणा, पेटंट नाहीये, सूर्याचं पेटंट घेता येईल का? तोही प्रसंग १२ एप्रिलचाच.

---

शंकेखोर

सूर्याचं वाक्य सुंदरच आहे, पण संस्थेच्या वकिलांनी पेटंटची शक्यता आधी तपासून पाहिली होती आणि नव्यानं दावा करण्याजोगं फारसं नाही असं त्यांचं मत पडलं होतं. वाक्याचं तेज त्यानं थोडं उतरतं. अर्थात सॉकला त्यातून पैसा करायचा होता असं मात्र कुठेच दिसत नाही.

दुसरं, त्या दिवशी एवढी घाई झाली की जाहीर वाचनानंतर काही तासांतच सरकारनं परवाने दिले. दोनच आठवड्यांत कटर लॅबोरेटरीज या लस बनवणाऱ्या कंपनीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू सापडला. फॉर्मल्डिहाइडनं विषाणू मारण्याची प्रक्रिया त्यांच्याकडे पुरी झाली नव्हती. लस घेतलेली मुलं आणि त्यांच्या संपर्कातले लोक मिळून १० जण दगावले आणि दीडशेहून जास्त जणांना पक्षाघात झाला. लसींवरची सरकारी देखरेख कडक झाली ती यानंतर. दिनविशेषात निकालाच्या आनंदातला घंटानाद येतो, एप्रिलअखेरचं हे प्रकरण येत नाही.

---

कक्षेबाहेर

लोकहो, १२ एप्रिल म्हटल्यावर गागारिनच्या आधी लसीवर इतकी चर्चा? निषेध! :)

१२ एप्रिल १९६१, मॉस्को वेळेनुसार सकाळी ९ वाजून ७ मिनिटं, बैकोनूर. वोस्तोक-१मध्ये २७ वर्षांचा युरी गागारिन. पृथ्वीभोवती एक फेरी, एकूण १०८ मिनिटं. यान आपोआप चालणारं, हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद. वजनरहित अवस्थेत माणूस भ्रमिष्ट झाला तर, अशी भीती होती ना! कुलपाचा आकडा पाकिटात बंद करून ठेवलेला, १२५. शहाणा असेल तर पाकीट फोडेल आणि चालवेल, असा हिशोब. प्रत्यक्षात यानाचा मुख्य अभियंता कोरोल्योव धरून काही जणांनी तो आकडा गागारिनला उड्डाणाआधीच सांगून टाकला होता.

परतताना मात्र जिवावर बेतलं होतं. मागचा यंत्रभाग गागारिन बसला होता त्या गोलापासून सुटा व्हायला हवा होता, तो तारांच्या जुडग्यानं लटकत राहिला आणि दोन्ही भाग गरगरत वातावरणात शिरले. सुमारे दहा मिनिटांनी तारा तुटल्या आणि गोल सावरला. ७ किलोमीटर उंचीवर गागारिन आसनासकट बाहेर फेकला गेला आणि वेगळ्या पॅराशूटनं सारातोव भागात एका शेतात उतरला. समोर एक शेतकरी बाई आणि तिची नात. नारिंगी पोशाख आणि पांढरं शिरस्त्राण पाहून दोघी मागे सरकायला लागल्या.

हे वेगळं उतरणं सोव्हिएत संघानं बरीच वर्षं दडवून ठेवलं. आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदणीच्या नियमात वैमानिक यानासकट उतरायला हवा होता!

मुद्दा असा, की ही तारीख कुणी मुहूर्त काढून ठरवलेली नव्हती. मार्चमध्ये कुत्री आणि एक पुतळा घालून दोन उड्डाणं यशस्वी झाली होती आणि अमेरिकेचा अंतराळवीर शेपर्ड जायच्या आत उरकायचं होतं. शेपर्ड गेला ५ मेला, तोही १५ मिनिटांची उडी मारून परत.

---

ओळंबा

कक्षेबाहेर राव, जरा जमिनीवर या. १२ एप्रिल १८३१. मँचेस्टरजवळ अर्वेल नदीवरचा ब्रॉटन झुलता पूल. ६०व्या रायफल पलटणीचे ७४ जवान चौघाचौघांच्या रांगेत पुलावर चढले. पावलांबरोबर पूल हलतोय हे जाणवल्यावर त्यांना मजा वाटली आणि शिट्टीवर कवायतीची चाल धरून ते आणखी ठेक्यात चालायला लागले. एका टोकाला साखळी धरणारा खांब धाडकन कोसळला, पुलाचं ते टोक खाली आणि निम्म्याहून जास्त जवान नदीत. पाणी उथळ होतं म्हणून कुणी दगावलं नाही, पण सुमारे २० जण जखमी झाले. तेव्हापासून ब्रिटिश सैन्यात पुलावर चढताना पाऊल मोडायचा हुकूम आला.

झोपाळ्याला ठरावीक वेळी हलकासा रेटा देत गेलं की झोका वाढत जातो, तसंच हे. पुलाची स्वतःची डोलायची एक लय असते. पावलांची लय तिच्याशी जुळली की प्रत्येक पाऊल आधीच्यात भर घालतं.

पण पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथेच थांबते. चौकशीत निघालं की तुटलेला बोल्ट नीट घडवलेलाच नव्हता, एक दुसरा आधीच वाकलेला होता. म्हणजे तो पूल पुढेमागे पडणारच होता, जवानांनी फक्त दिवस ठरवला. आणि उलट बाजू पाहा. १८५० साली फ्रान्समधल्या आँजे इथल्या झुलत्या पुलावर सैनिक पाऊल मोडून चालत होते, तरी पूल कोसळून २००हून जास्त माणसं मेली. वादळी वारा होता आणि तारांची टोकं आत गंजलेली होती. मोडलेलं पाऊल गंजलेल्या तारेला वाचवत नाही.

---

शंकेखोर

ओळंबासाहेब, 'जवानांनी फक्त दिवस ठरवला' हे आवडलं. या धाग्याला शोभतं. पण पाऊल मोडूनही पूल कसा काय डोलला? वाऱ्यानं डोलला हे ठीक, त्यात माणसांचा हात नाहीच का?

---

ओळंबा

आहे ना. पूल वाऱ्यानं डोलायला लागला की वरचा माणूस तोल सावरायला नकळत त्याच लयीत पाय टाकतो. पाऊल मोडायचा हुकूम पायांना कळेनासा होतो. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली उघडल्या उघडल्या आडवा डोलायला लागला तो साध्यासुध्या पादचाऱ्यांमुळे. कुणी कवायत करत नव्हतं, पण पूल किंचित सरकला की सगळे फाकून चालायला लागायचे आणि आपोआप ठेका धरायचे. दोन दिवसांत बंद करावा लागला, पुढे जवळपास दोन वर्षं दोलन शोषणारी साधनं बसवण्यात गेली.

---

जुनी_पानं

वा! आता कोलंबियाचं कुणीतरी लिहा. १२ एप्रिल १९८१, पहिलं स्पेस शटल, गागारिननंतर बरोब्बर २० वर्षांनी. ही तरी मुद्दाम गाठलेली तारीख असणार, असं सगळे धरून चालतात.

---

कक्षेबाहेर

मी याचीच वाट बघत होतो. अजिबात नाही!

उड्डाण ठरलं होतं १० एप्रिलला. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन आत बसलेले. शटलवर पाच संगणक. चार एकच प्रणाली चालवणारे आणि एकमेकांशी ताळा घेणारे, पाचव्यावर वेगळ्या लोकांनी लिहिलेली राखीव प्रणाली, म्हणजे चौघांत एकच चूक असली तरी पाचवा तीत सापडू नये. आणि नेमका हा पाचवाच चौघांशी मेळ घेईना. चौघांच्या वेळापत्रकात ४० मिलिसेकंदांचा फरक पडला होता. उड्डाण रद्द.

शोध घेतल्यावर कळलं, हा फरक संगणक पहिल्यांदा चालू करतानाच पडू शकतो आणि पडला की बंद करेपर्यंत तसाच राहतो. तसं होण्याची शक्यता होती ६७त एक. एरवी दिसलाच नसता. उपाय? संगणक पुन्हा नव्यानं चालू करणे!! दोन दिवसांनी, १२ एप्रिलला सकाळी ७ वाजता, कोलंबिया उडालं. ६७मधली ती एक वेळ आली नसती तर २० वर्षांचा मुहूर्त दोन दिवसांनी हुकला असता.

पहिल्याच उड्डाणात माणसं बसवलेलं हे पहिलं अवकाशवाहन. ५४ तासांनी १४ एप्रिलला उतरलं तेव्हा उष्णतारोधक फरशांपैकी १६ गळालेल्या आणि १४८ टवके उडालेल्या होत्या.

---

दुपारचा_चहा

नुसता वाचक आहे, पण राहवलं नाही. म्हणजे तारखा जुळतात त्याला काही अर्थच नाही म्हणायचं? २० वर्षांनी तोच दिवस येणं ही ३६५त एक अशी गोष्ट आहे!

---

शंकेखोर

एकच ठरावीक जोडी आधी सांगून मग जुळली तर ३६५त एक. आपण उलटं करतो. हजारो घटनांचा ढीग घेतो आणि त्यात जुळलेल्या जोड्या वेचतो. खोलीत २३ माणसं असली की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, कारण २३ माणसांच्या जोड्या २५३ पडतात. इतिहासाच्या खोलीत तर गर्दीच गर्दी.

स्टीफन हॉकिंग ८ जानेवारी १९४२ला जन्मले, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोब्बर ३०० वर्षांनी. हॉकिंग स्वतःच ते सांगायचे आणि लगेच जोडायचे की त्या दिवशी आणखी दोनेक लाख बाळं जन्मली असतील.

---

जुनी_पानं

गॅलिलिओचं नाव काढलंतच तर तोही १२ एप्रिलचाच आहे. १६३३ साली याच दिवशी रोममध्ये इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे, त्याची पहिली जबानी झाली. वय ६९. समोर आयुक्त विन्चेन्झो माकुलानी. तळघर, साखळदंड असं चित्र डोळ्यांपुढे येतं, पण त्याला त्याच इमारतीत बऱ्यापैकी खोल्या दिल्या होत्या. पहिलाच प्रश्न, का बोलावलंय ते ठाऊक आहे का? तो म्हणाला, माझ्या नव्या पुस्तकामुळे असावं, असा अंदाज आहे.

मग सगळा खल १६१६ साली काय घडलं यावर. न्यायालयाच्या दप्तरात एक टिपण होतं, की पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचं मत कोणत्याही प्रकारे मांडायचं, शिकवायचं नाही, असा हुकूम त्याला तेव्हाच दिला होता. त्यावर गॅलिलिओची सही नव्हती. गॅलिलिओनं कार्डिनल बेलार्मिनच्या पत्राची नक्कल काढून दाखवली, २६ मे १६१६ची. तिच्यात एवढंच, की हे मत धरता वा समर्थता येणार नाही. 'शिकवू नये' आणि 'कोणत्याही प्रकारे' हे शब्दच तिच्यात नव्हते. आणि बेलार्मिन १६२१मध्येच वारलेला, विचारणार कुणाला! इथवर गॅलिलिओची बाजू भक्कम होती. पण पुढे त्यानं सांगितलं की पुस्तकात मी कोपर्निकसचं मत कमकुवत असल्याचंच दाखवलंय. पुस्तक वाचलेल्या कुणालाही ते पटण्यासारखं नव्हतं. २२ जूनला शिक्षा झाली. दहापैकी सात न्यायाधीशांच्याच सह्या आहेत तिच्यावर.

---

कक्षेबाहेर

आणि गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे लहानपणापासून ऐकतो!

---

शंकेखोर

दोन वेगवेगळ्या कॅलेंडरांतून एकेक तारीख उचलली तरच. इटलीत १५८२पासून नवं ग्रेगोरियन कॅलेंडर, इंग्लंड १७५२पर्यंत जुन्या ज्युलियनवर. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ हा जुना दिनांक आहे, नव्यात तो ४ जानेवारी १६४३. गॅलिलिओचा ८ जानेवारी १६४२ हा नव्यातला, जुन्यात २९ डिसेंबर १६४१. कुठलंही एकच कॅलेंडर धरा, वर्षं वेगळी पडतात.

पानंताई, तुमची जबानी रोममधली म्हणजे तारीख नवीच, ती ठीक. पण चौथ्या धर्मयुद्धातले लोक कॉन्स्टँटिनोपलमध्ये घुसले ते १२ एप्रिल १२०४ला, असंही याद्यांत असतं. तो जुना दिनांक. आजच्या हिशोबानं १९ एप्रिल. काढा यादीतून. :)

---

ओळंबा

अमेरिकेतला फोर्ट समटर हा किल्ला राहिला. १२ एप्रिल १८६१, पहाटे साडेचार, अमेरिकन यादवीची पहिली तोफ. हल्ला करणारा बोरगार्ड हा किल्ला लढवणाऱ्या अँडरसनचा वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतला तोफखान्याचा विद्यार्थी. ३४ तासांच्या भडिमारात एकही माणूस मेला नाही. शरणागतीनंतर झेंड्याला सलामी देताना दारूगोळ्याचा स्फोट होऊन दोघे गेले. त्यापुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून जास्त.

---

दुपारचा_चहा

गागारिनची तारीख तरी सगळ्या जगात एकच ना?

---

कक्षेबाहेर

नाही हो! यान उडालं तेव्हा कॅलिफोर्नियात ११ एप्रिलच्या रात्रीचे १० वाजून गेले होते. पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून गेलेली. पहाटे एका पत्रकारानं नासाचे प्रवक्ते जॉन पॉवर्स यांना फोनवर उठवलं, तर ते वैतागून म्हणाले की आम्ही इथे सगळे झोपलोय. सकाळी बातमीचा मथळाच तो झाला.

---

टाचणी

पानंताई, उद्या १३ एप्रिलचा धागा येऊ द्या. चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१३ची ऑक्सिजनची टाकी १९७० साली १३ तारखेला फुटली. लोक अजून १३ आकड्याला बोल लावतात.

---

कक्षेबाहेर

टाचणी, ह्यूस्टनच्या घड्याळात १३ तारखेच्या रात्रीचे ९ वाजून ८ मिनिटं झाली होती, ग्रिनिचच्या घड्याळात १४ तारीख उजाडली होती. आणि कारण आकड्यात नव्हतं, व्होल्टमध्ये होतं. टाकीतल्या, तापमान वाढलं की हीटर बंद करणाऱ्या स्विचेस २८ व्होल्टच्या, जमिनीवरच्या चाचणीत वीज दिली ६५ व्होल्टची. स्विचेस वितळून चिकटल्या, हीटर बंदच झाला नाही आणि आतल्या तारांचं वेष्टण जळून गेलं. हे सगळं उड्डाणाच्या काही आठवडे आधी, मार्चमध्ये. सविस्तर उद्याच्या धाग्यात लिहितो, ओळंबासाहेबांना यातला बोल्ट बरोबर सापडेल.